वैयक्तिक खेळांमधले न विसरता येणारे क्षण (निकाल नको, क्षण सांगा!)

शेवटची_लेन
काल रात्री लेकीला झोपच येईना, सकाळी शाळेला सुट्टी म्हणून मीही फार ताणलं नाही, दोघी बसून यूट्यूबवर जुनी मॅच लावली. रिओ २०१६, सिंधू विरुद्ध कॅरोलिना मारिन, फायनल. लेक तेव्हा जन्मलीही नव्हती त्यामुळे तिला निकाल माहीत नाही, पहिला गेम सिंधूने २१-१९ घेतल्यावर ती गादीवर उड्या मारायला लागली आणि मी आपली गप्प, कारण पुढचे १२-२१, १५-२१ मला पाठ आहेत.

तर मॅच संपते, मारिन कोर्टवर पडून ढसाढसा रडतेय, आणि सिंधू पलीकडे जाऊन तिला उठवते, मिठी मारते, आणि मग मारिनची खाली पडलेली रॅकेट उचलून तिच्या बॅगेकडे नेऊन ठेवते. लेक म्हणाली, आई ही हरली ना? मग तिचा पसारा हिनं का आवरायचा? मला काही उत्तर देता आलं नाही, झोप आता एवढंच म्हणाले.

पण डोक्यात ते राहिलं म्हणून धागा काढतेय. नियम दोनच. एक, खेळ एकट्याने खेळायचा हवा, म्हणजे क्रिकेट हॉकी कबड्डी बाद (डबल्सचं काय ते भांडण नंतर घालू). दोन, "अमका जिंकला, लई भारी वाटलं" असं नको, नेमका क्षण सांगा, आणि तेव्हा तुम्ही कुठे होतात तेही.

कट्टा_मेंबर
पहिला! धोनीचा २०११ चा सिक्स. बॅट एकट्यानेच फिरवली ना शेवटी?

शेवटची_लेन
धागा उघडून चार मिनिटं झाली नाहीत. बाहेर.

यारा_काठची
रुमाल टाकून ठेवतेय. इथे मेलबर्नला आता रात्र झालीये, उद्या सविस्तर लिहिते.

गवतावरचा_पाऊस
माझं उत्तर जुन्या मेंबरांना माहितीय पण तरी लिहिणारच. ६ जुलै २००८, विम्बल्डन, फेडरर-नदाल. पहिले दोन सेट ४-६, ४-६ गेले तेव्हा मी टीव्हीचा आवाज बंद करून जेवायला बसलो, फेडररभक्त माणूस, घास उतरेना. मग पाऊस, मग खेळ, मग परत पाऊस.

क्षण म्हणाल तर चौथ्या सेटचा टायब्रेक. नदाल ५-२ पुढे, सर्व्हिस त्याचीच, आणि पठ्ठ्याने डबल फॉल्ट घातला. तिथून गाडी ८-७ वर, नदालला मॅच पॉइंट, तो जाळीकडे येतोय आणि फेडररने त्याच्या बाजूने बॅकहँड डाउन द लाइन असा काढला, असा काढला की मी ओरडणार होतो पण घरात सगळे झोपलेले म्हणून उशी चावली. खरंच चावली, अभ्र्याला दात उमटले होते, सकाळी आईने विचारलं हे काय.

पाचवा सेट ९-७ नदालने घेतला ते सोडा. संपलं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पावणेदोन होत आलेले आणि तिकडे चक्क अंधार. नदाल पाठीवर पडला तेव्हा प्रेक्षकांचे फ्लॅश लुकलुकत होते आणि मधे हिरव्या-काळ्यात एक पांढरा ठिपका. हरल्याचं दुःख सोमवारी ऑफिसात गेल्यावर चढलं, त्या रात्री नुसता बघत बसलो होतो.

शटलकॉक
आलं, फेडरर रडगाणं मंडळ आलं. आता २०१९ ची विम्बल्डन फायनल पण सांगा, जोकोविचसमोर, पाचव्या सेटला ८-७, ४०-१५, सर्व्हिस फेडररची...

गवतावरचा_पाऊस
२०१९ चं नाव काढायचं नाही. त्याच रविवारी लॉर्ड्सवर वर्ल्डकपची फायनल, रिमोट वडिलांकडे, ते दर ओव्हरला क्रिकेट लावायचे आणि मी दर गेमला टेनिस. ते दोन चॅम्पियनशिप पॉइंट मी पाहिले, दुसऱ्याला जोकोविचचा फोरहँड क्रॉस गेला आणि वडील शांतपणे म्हणाले, झालं तुझं? दे इकडे. सगळ्या मॅचचे पॉइंट मोजले तर फेडररचे जास्त आहेत, २१८ विरुद्ध २०४, आणि कप दुसऱ्याकडे. क्रिकेटमधेही न्यूझीलंडचं तेच झालं. एका रविवारी दोनदा.

कट्टा_मेंबर
म्हणजे याला क्रिकेट लिहिलेलं चालतं आणि मला बाहेर.

तांबडीमाती
काय मंडळी, टेनिस टेनिस लावलंय नुसतं. जरा मातीवर या की.

खाशाबा जाधव कुणी लिहिणार हाय का नाही? गोळेश्वर, कराडच्या शेजारचं गाव. १९५२, हेलसिंकी, बँटमवेटला ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसं नव्हतं म्हणून कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकून सात हजार दिलं ही गोष्ट आमच्याकडं पोरं शाळेत जायच्या आधी ऐकत्यात.

आता क्षण. बघितलेला नाही, ऐकलेला हाय. परत आल्यावर कराडला दीडशेच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि त्यात आपली पण गाडी होती असं आमचं आजोबा शेवटपर्यंत सांगायचं. बैलांची नावं सकट. शिंगाला कुठला रंग होता ते सुद्धा. आणि दर खेपेला आतनं आजी वरडायची, आवो गाडी घेतली आपण थोरल्याच्या लग्नात, तवा कुठली गाडी. आजोबा थांबायचं, पाणी प्यायचं, आणि परत पहिल्यापासनं.

गाडी होती का नव्हती मला म्हाईत नाही. पण नंतर ४४ वर्षं दुसरं वैयक्तिक पदक नव्हतं, त्यामुळं ही एकच गोष्ट पुरवून पुरवून वापरायला लागत हुती त्यांना.

जुना_रेडिओ
तांबडीमाती, आजोबांना नमस्कार. आणि ४४ वर्षांनी ते पदक म्हणजे अटलांटा १९९६, लिअँडर पेस. सेमीला आगासीकडून हरला, मग ब्राँझसाठी ब्राझीलचा मेलिगेनी, पहिला सेट ३-६ गेला, मनगट दुखावलेलं, पुढचे ६-२, ६-४. वडील वेस पेस मूळचे गोव्याचे, १९७२ च्या हॉकी संघातले, त्यांचंही ब्राँझच. एका घरात दोन.

माझा क्षण मात्र उषाचा. लॉस एंजेलिस १९८४, ४०० मीटर हर्डल्स. तिचा स्टार्ट झकास झाला होता पण फॉल्स स्टार्ट म्हणून सगळ्यांना परत बोलावलं, परत पळाल्या, आणि ब्राँझ गेलं ५५.४१ आणि ५५.४२ मधे. शेवटच्या रेषेवर छाती पुढे टाकायची राहिली.

मी शाळेत पीटी शिकवायचो. दरवर्षी नवीन वर्ग आला की मुलांच्या हातात डिजिटल स्टॉपवॉच द्यायचो आणि सांगायचो, बटण दोनदा दाबा, चालू बंद, जितक्या लवकर जमेल तितक्या. दहा-बारा शतांशाच्या खाली क्वचित कुणी जायचं. मी स्वतः कधीच नाही. मग सांगायचो की उषाचं पदक याच्या दहाव्या हिश्श्यात गेलं. वर्ग गप्प व्हायचा. एकदा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, सर मग ते मोजलं कुणी? फार आवडला मला तो प्रश्न, फोटो-फिनिश कॅमेरा कसा चालतो ते सांगण्यात अख्खा तास गेला, त्या दिवशी कुणी मैदानावर पळालंच नाही.

शेवटची_लेन
जुना_रेडिओ काका, हे वाचून आत्ता मोबाईलवर करून बघितलं. माझे चौदा शतांश आले, लेकीचे अकरा.

शतांशावरून अविनाश साबळे आठवला. बीड जिल्हा, आष्टी तालुका, मांडवा, शाळेत रोज सहा किलोमीटर, नंतर लष्करात सियाचिनला. बर्मिंगहॅम २०२२ कॉमनवेल्थ, ३००० मीटर स्टीपलचेस, जिथे वर्षानुवर्षं तिन्ही पदकं केनियावाले वाटून घ्यायचे. शेवटच्या लॅपला हा त्यांच्यात घुसला आणि एकेकाला मागे टाकत गेला, पहिला आला अब्राहम किबिवोट ८:११.१५ आणि हा ८:११.२०. पाच शतांश. मला तो शेवटचा अडथळा पार केल्यानंतरचा भाग बघवत नाही, दर वेळी वाटतं आज गाठेल.

अवांतर: माझं नाव शेवटची_लेन का ते विचारतात म्हणून सांगते. आठवीत तालुक्याला १५०० मीटर पळाले होते, लॅप मोजणारे एक सर चहाला गेले आणि मी एक लॅप जास्तीचा पळाले. थांबवलंच नाही कुणी. बाकीच्या मुली सावलीत बसून लिंबू सरबत पितायत आणि मी आपली पळतेय, मैत्रीण ओरडतेय अगं बास, मला वाटतंय ती चीअर करतेय. आईने घरी विचारलं कितवी आलीस, मी म्हटलं माहीत नाही पण जास्त पळाले.

तळ्यात_मळ्यात
हाहाहा, शेवटची_लेन, हाच क्षण नंबर एक! धागा बंद करा आता.

संत्रानगरी
बंद काऊन करता बापा, आमचं राहिलं ना अजून.

दिव्या देशमुख. नागपूरची पोट्टी. जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी, महिला वर्ल्ड कपची फायनल, समोर कोण तर कोनेरू हंपी. १९ वर्षांची एक आणि ३८ वर्षांची एक, दोघी भारताच्याच. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत, मग रॅपिड टायब्रेक, पहिला तोही बरोबरीत. मी ऑफिसात खाली मोबाईल धरून, वर एक्सेलची शीट उघडी. बुद्धिबळ आपल्याला एवढं समजत नाही भाऊ, बाजूला कोण पुढे ते दाखवणारा तो कॉम्प्युटर इंजिनचा बार असतो ना पांढरा-काळा, त्यावरच आपला जीव. बार वर गेला की पोटात गोळा, खाली आला की बरं, कारण आपली काळ्याकडून खेळत होती.

हंपीने डाव सोडला. आणि ही पोट्टी हसली नाही, ओरडली नाही, डोळे भरून आले, आणि आई आली तशी तिच्या गळ्यात. स्पर्धेला गेली तेव्हा ग्रँडमास्टर व्हायला लागतात त्या नॉर्मपैकी (पात्रतेचा टप्पा) एकही नव्हता हिच्याकडे, आली ती थेट ग्रँडमास्टर होऊन, भारताची ८८ वी. मी खुर्चीतून उठलो तर बॉस समोर, म्हणे काय झालं, म्हटलं सर घरची पोरगी पास झाली. त्याने पेढे मागितले. आणावे लागले ना बे मग!

शटलकॉक
संत्रानगरी, पेढ्यांचं बिल फिडेकडे (बुद्धिबळाची जागतिक संघटना) पाठवा.

आता माझं. सिंधू-ओकुहारा, २०१७ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनल, ग्लासगो. १९-२१, २२-२०, २०-२२, ११० मिनिटं. दुसऱ्या गेमच्या शेवटी जी रॅली झाली ती ७३ शॉटची. त्र्याहत्तर. तुम्ही कधी बॅडमिंटन खेळला असाल तर सांगतो, सोसायटीत पंधरा शॉट झाले की माझ्या पोटऱ्या बोंबलायला लागतात. त्या रॅलीत स्मॅश कमीच, सगळं मागच्या कोपऱ्यात क्लियर, पुढे ड्रॉप, परत क्लियर, जणू दोघी एकमेकींना म्हणतायत तू आधी थांब. संपली तेव्हा दोघी जमिनीवर. सिंधूने तो गेम घेतला आणि तिसऱ्यात दोन पॉइंटने गेली.

दोन वर्षांनी बासेलला याच दोघी परत फायनलला. २१-७, २१-७. ३८ मिनिटांत खेळ खल्लास, भारताचं पहिलं वर्ल्ड टायटल. आनंद झालाच, पण खरं सांगू का, मी तोपर्यंत चहा ठेवला होता, चहा पिऊन होईस्तोवर मॅच होऊन गेल्यासारखं वाटलं. मला ग्लासगोचीच मॅच जास्त आवडते. बायको म्हणते तुला हरलेलंच आवडतं.

कट्टा_मेंबर
७३ हा आकडा कोणी मोजला? मी आत्ता लावून बघितली, माझे ६८ आले.

शटलकॉक
तू पहिली सर्व्हिस धरली नसशील. परत मोज.

तळ्यात_मळ्यात
मी लिहू का नको विचार करत होते कारण माझा क्षण जरा कडू आहे. १९९९ ची फ्रेंच ओपन फायनल, श्टेफी ग्राफ विरुद्ध मार्टिना हिंगिस. मी तेव्हा अकरावीत, ग्राफची कट्टर भक्त, तिची कात्रणं वहीत चिकटवलेली. हिंगिस पहिला सेट घेऊन दुसऱ्यात पण पुढे, आणि एका बॉलवरून भांडण काढून ती जाळीच्या पलीकडे ग्राफच्या बाजूला गेली, खूण दाखवायला. टेनिसमधे असं करत नाहीत. पॉइंट कापला, पब्लिक पेटलं, आणि तिथून ती मुलगी हळूहळू सुटत गेली. शेवटी मॅच पॉइंट वाचवायला खालून अंडरआर्म सर्व्हिस केली तेव्हा स्टेडियमभर हुर्यो. ४-६, ७-५, ६-२, ग्राफ जिंकली, तिचं शेवटचं ग्रँड स्लॅम.

मी घरात नाचले. आणि मग हिंगिस रडत कोर्टाबाहेर पळाली, आणि बक्षीस समारंभाला तिची आई तिला खांद्याला धरून परत घेऊन आली. तेव्हा मी म्हणाले होते, बरं झालं, माज उतरला. परवा तो व्हिडिओ बघितला. माझी मुलगी आता सतरा वर्षांची आहे. हिंगिस तेव्हा अठरा. मला अख्ख्या व्हिडिओत फक्त ती आई दिसत होती, इतक्या लोकांच्या हुर्योत पोरीला परत आत न्यायचं म्हणजे. ग्राफकडे माझं लक्षच गेलं नाही.

यारा_काठची
सकाळ झाली, रुमाल उचलते. आमच्या ऑस्ट्रेलियाचा (आमच्या म्हणायला लागले बघा, बारा वर्षं झाली) सगळ्यात लाडका क्षण म्हणजे स्टीव्हन ब्रॅडबरी. २००२, सॉल्ट लेक सिटी, शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग, १००० मीटर. फायनलला पाच जण, हा पठ्ठ्या सगळ्यात मागे, चांगलं पंधरा मीटरचं अंतर, आणि शेवटच्या वळणावर पुढचे चारच्या चार एकमेकांत अडकून आडवे. हा मागून आरामात आला आणि गोल्ड घेऊन गेला. दक्षिण गोलार्धातलं पहिलं हिवाळी ऑलिंपिक गोल्ड. त्याचा चेहरा बघा रेषा ओलांडताना, हात वर करू का नको असं झालेलं.

इकडे कुणी असं फुकटात जिंकलं की "ब्रॅडबरी केला" म्हणतात. मी पण म्हणायचे. मग कळलं की १९९४ साली कुणाच्या तरी स्केटने मांडी चिरली होती त्याची, रक्त जाऊन मरता मरता वाचला, १११ टाके, आणि २००० मधे मान मोडली होती. आता म्हणताना जीभ थोडी अडखळते, पण म्हणते.

कट्टा_मेंबर
मी आमच्या सोसायटीत लिंबू-चमचा असाच जिंकलेलो. पुढच्या दोघांचं लिंबू पडलं.

जुना_रेडिओ
यारा_काठची, छान. सिडनी २००० चा एरिक मुसांबानी पण घ्या या यादीत. इक्वेटोरियल गिनीचा. १०० मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमधे तिघेच, बाकी दोघे फॉल्स स्टार्टने बाद, हा एकटा पाण्यात. आयुष्यात ५० मीटरचा तलाव पाहिलेला नव्हता. शेवटचे पंधरा मीटर तो पोहत होता की बुडत होता कळत नव्हतं, आणि अख्खं स्टेडियम उभं राहून त्याला ढकलतंय. १:५२.७२. एकट्याची शर्यत, त्यामुळे पहिला.

गवतावरचा_पाऊस
खेळाडूंच्या दिलदारपणाचं चाललंय तर टोकियो ऑलिंपिकची उंच उडी? कतारचा बार्शिम आणि इटलीचा ताम्बेरी, दोघेही २.३७ मीटरवर अडकले, अधिकारी जंप-ऑफबद्दल सांगायला लागले आणि बार्शिमने विचारलं दोन गोल्ड देता येतील का. हो म्हटल्यावर ताम्बेरी त्याच्या अंगावर उडीच मारतो.

जुना_रेडिओ
मला नाही पटलं ते तेव्हाही आणि आताही. मैत्री आहे, मान्य, ताम्बेरीने पाय मोडलेला असतानाचं प्लास्टर जपून आणलं होतं तेही मान्य. पण फायनल आहे, उडी मारा. तालमीत दोन्ही पैलवान बरोबरीत सोडवले की लोक पैसे परत मागतात.

तांबडीमाती
काका, अगदी बरोबर. निकालीच पाहिजे! जत्रेला सोडवलेली कुस्ती म्हणजे मीठ नसलेला रस्सा.

तळ्यात_मळ्यात
काही काय. दोघे दोन तास उड्या मारून दमलेत, नियमात बसतंय, घेतलं वाटून. आपल्याकडेच सगळं निकाली लागतं, कोर्टातल्या केसेस सोडून.

संत्रानगरी
हे भारी होतं ताई.

शेवटची_लेन
भांडण चालू राहू द्या, मी मधे घुसते. अभिनव बिंद्रा कुणी कसा लिहिला नाही? बीजिंग २००८, शेवटच्या शॉटला फिनलंडच्या हॅकिनेनबरोबर टाय, आणि याने १०.८ मारला. तिकडे त्याचा ९.७. भारताचं पहिलं वैयक्तिक गोल्ड आणि माणूस असा उभा जणू रेशनच्या लाइनीत त्याचा नंबर आला. माझे बाबा टीव्हीसमोर चिडले होते, अरे हस की मेल्या!

तांबडीमाती
नेमबाजीवरनं आमचा स्वप्निल कुसाळे. कांबळवाडी, राधानगरी तालुका, रेल्वेत टीसी. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. मी दुकानात, गिऱ्हाईक उभं, मोबाईल तराजूला टेकवून ठेवलेला. गुडघ्यावरच्या पोझिशनला सहावा, झोपून झाल्यावर पाचवा, मग उभं राहून. आणि उभ्याच्या फेरीत एकेक जण बाहेर पडत जातोय. गिऱ्हाईक म्हणालं साखर दोन किलो, मी म्हटलं थांबा वाईच, ते म्हणालं काय क्रिकेट? म्हटलं नाही, राधानगरीचा पोरगा हाय. मग ते पण वाकून बघाय लागलं, मग त्याच्या मागचं. पाच-सहा जण एका मोबाईलवर, कुणी बोलंना. ४५१.४, ब्राँझ. नाद खुळा! साखर तेवढी अडीच किलो गेली गडबडीत, ती काय परत आली नाही.

खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आजोबा असतं तर म्हणालं असतं, त्या रेल्वेत मी पण हुतो.

यारा_काठची
आणि पॅरालिंपिक धरलं तर मधे मुरलीकांत पेटकर येतात, १९७२, हायडेलबर्ग, ५० मीटर फ्रीस्टाइलला गोल्ड. सांगली जिल्ह्यातलेच, पेठ इस्लामपूर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला माणूस. मला स्वतःला हे नाव मोठेपणी कळलं याची लाज वाटते, शाळेत कुणी सांगितलंच नाही.

शटलकॉक
साक्षी मलिक राहिली. रिओ, ब्राँझची कुस्ती, ०-५ मागे, आणि शेवटच्या काही सेकंदांत फिरवून ८-५. आपल्याकडे तेव्हा पहाट, राखीपौर्णिमेची. मी उठलो नव्हतो. बहिणीने सकाळी राखी बांधायच्या आधी मोबाईल तोंडासमोर धरला, आधी हे बघ मग ओवाळते. तबकातलं निरांजन विझलं तोवर.

विनेश फोगाटचं, पॅरिस ऑलिंपिकचं, मी लिहिणार नाही. जपानच्या सुसाकीला हरवलं तो क्षण एकदम वरचा आहे, पण दुसऱ्या दिवशी वजनात जास्त भरलेले आणि तिला बाद करणारे ते १०० ग्रॅम आठवतात मग.

जुना_रेडिओ
लिहू नका. बरोबर.

कट्टा_मेंबर
मी परत मोजली. यावेळी ७०. सर्व्हिस धरून. कॉमेंटेटर मधेच बोलतो तिथे माझा आकडा चुकतो.

गवतावरचा_पाऊस
आवाज बंद कर आणि मोज ना. मी ७२.

शटलकॉक
७३ आहे रे बाबांनो. सगळ्या पेपरात आलंय. प्रत्येक जण आपापला आकडा काय घेऊन येताय, खानेसुमारी आहे का?

शेवटची_लेन
धागा आठवडाभर चालेल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे पण तेच चाललंय. काल रात्री लेकीला ग्लासगोची ती रॅली दाखवली, दोघींनी मोजायचं ठरलं, मी मनात आणि ती मोठ्याने. चाळीसच्या पुढे ती पुटपुटायला लागली, पन्नासनंतर मोजणं सोडून माझा दंड धरून नुसती बघत बसली, आणि शटल पडल्यावर एकदम आठवलं तशी म्हणाली ७१. माझे ७४. मी म्हटलं ७३ आहेत म्हणे. ती म्हणाली म्हणे म्हणजे काय, कोणीतरी नीट मोजायला पाहिजे. आणि मग म्हणे, या दोघींच्यात रॅकेट कोणी उचलली?

उद्या परत लावणार आहोत, रविवार आहे. वहीवर पाच-पाचच्या रेघा मारून मोजायचं ठरलंय, पेन्सिल तिने आत्ताच टोकरून ठेवली.